दाबाचा नियम

जिनिव्हाहून आलेली मुलगी विचारते,
एक ते पाच, किती परिणाम झाला निर्बंधांचा?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पुरेपूर.
मी म्हणते, आधी कॉफी घे.
तळाशी गाळ आहे, ढवळू नकोस.

नेगोतिनच्या शाळेत एकतीस वर्षं
मी पदार्थविज्ञान शिकवलं.
बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला
की तो सगळ्या दिशांना सारखा पसरतो.
फळ्यावर भांडं काढायचे, चार बाण,
चारही एका लांबीचे.

ब्याण्णवच्या मे महिन्यात आम्हाला झाकण लागलं
आणि जगाने त्यावर अंगठा ठेवला.

राजधानीतल्या काळ्या गाड्या एक दिवस थांबल्या नाहीत.
आमची शाळेची बस ऑक्टोबरात उभी राहिली,
वसंतात तिच्या मागच्या सीटवर
कोंबडी अंड्यांवर बसली होती.
नोटेवर अकरा शून्यं होती.
मुलांना घातांक शिकवायला
मला दुसरं उदाहरण शोधावं लागलं नाही.
पगाराच्या दिवशी आम्ही शिक्षक धावायचो,
हो, अक्षरशः, मुख्याध्यापक रादिसावसुद्धा, टाय उडवत.
दुपारपर्यंत त्या पगाराची चार अंडी यायची,
संध्याकाळी तीन.

औषधांवर बंदी नव्हती. हे लिही, खरं आहे ते.
बंदी होती औषधाचे पैसे पाठवणाऱ्या बँकेवर,
ट्रकच्या टायरवर,
आईचं रक्त गाळणाऱ्या यंत्राच्या
एका रबरी नळीवर.
आठवड्यातून तीनदा होतं, दोनदा झालं.
मग एकदा.

स्लाविशा माझ्याच वर्गातला. शेवटचा बाक.
दाबाचा नियम त्याला कधीच पाठ झाला नाही.
रात्री होडीने डॅन्यूब ओलांडून
तो रोमानियातून पेट्रोल आणायचा,
सकाळी रस्त्याकडेला कोलाच्या बाटल्यांतून विकायचा.
कस्टमवाल्याचा हिस्सा ठरलेला,
पोलिसाचा ठरलेला,
आणि वर कुणाचा, ते आम्ही मोठ्याने बोलत नव्हतो.
जितकी बंदी कडक, तितकी बाटली महाग.
अंगठा जोरात दाबला
की त्याच्या घराला आणखी एक मजला चढायचा.

जानेवारीत त्याने मला एक खोकं आणून दिलं.
आत अकरा फिल्टर आणि नळ्या.
बाई, तुमच्याकडून नफा नाही घेणार, म्हणाला.
अंगठी घेतली फक्त. लग्नातली.
म्हणून त्याला शिव्या देताना
माझी जीभ अजून अर्ध्यावर थांबते.

आई फेब्रुवारीत गेली, नऊ फिल्टर शिल्लक होते.
दाखल्यावर लिहिलंय: मूत्रपिंड.
त्या रकान्यात दुसरं काही लिहिता येत नाही.

पण थांब, खोडू नकोस.
नदीच्या त्या बाजूला नाही, पश्चिमेला, डोंगरांपलीकडे
आमच्या नावाने गावं जळत होती.
आम्हाला माहीत होतं. टीव्ही सांगत नव्हता,
पण सैन्यातून परतलेली मुलं बोलायची नाहीत,
आणि तेही एक प्रकारचं बोलणंच.
जगाने काय करायला हवं होतं?
निषेधाचं पत्र? की बॉम्ब?
बॉम्ब पुढे आलेच, तेही आम्ही मोजले.
कुणी म्हणतं, तिजोरी रिकामी झाली
म्हणूनच तिकडे सह्या झाल्या.
असेलही. मी त्या खोलीत नव्हते.
मी पावाच्या रांगेत होते, आणि रांगेत
लोक साहेबाला शिव्या देत नव्हते. जगाला देत होते.
भूक लागलेल्या माणसाला
जवळचा चोर दिसत नाही.

स्लाविशा आता नगरपालिकेत आहे.
फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, जबडे उघडे.
पुलावरून आलीस ना? दिसले असतील.
त्याचा मुलगा माझ्या शेवटच्या तुकडीत होता.
मी त्यालाही चार बाण काढून दाखवले,
एका लांबीचे.
परीक्षेत तेच येतं.

काय म्हणालीस? हो, आकडा.
तीन लिही.
एक लिहिलं तर तुझे साहेब चिडतील,
पाच लिहिलं तर आई.
तीनला कुणी का म्हणून विचारत नाही.